पावसाळ्यात वार्निश मारलं आणि अख्खं सैन्य पांढरं पडलं – माझा अनुभव

मागच्या जुलैत माझी हॅनिबलची (रोमशी लढलेला कार्थेजचा सेनापती) कार्थेज आर्मी रंगवून झाली, म्हणजे टेबलावर जुन्या लढाया खेळायचे चिमुकले सैनिक, १५ एमएमच्या फिगर्स, ४० एमएम रुंद बेसवर चार-चार भालेवाले, आणि रविवारी कॅनीची लढाई (इ.स.पू. २१६) मांडायची म्हणून मी घाईघाईत गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत मॅट स्प्रे वार्निश मारलं, बाहेर धो धो पाऊस चालू असताना. अर्ध्या तासात सगळ्यांवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखा पांढरा थर. ढालींवरचा लाल पार गुलाबी, तीन महिन्यांचं काम होतं हो, रडूच आलं.

हवा दमट असली की स्प्रे वार्निश असं धुरकट होतं. थिनरने पुसायला जाऊ नका, खालचा रंगही निघतो. मी फिगर्स घरात पंख्याखाली दोन दिवस सुकवल्या, मग आधी एकाच भालेवाल्यावर अ‍ॅक्रिलिक ग्लॉस वार्निश ब्रशने पातळ लावून बघितलं आणि ढालीवरचा लाल डोळ्यांसमोर परत आला, सुकल्यावरही टिकला! मग सगळ्यांना तेच, आणि दुसऱ्या दिवशी वरून मॅट, तेही ब्रशनेच. अंगरख्याच्या चुण्यांमध्ये थोडा पांढरेपणा राहिला तिथे पातळ ब्राऊन वॉश (खळग्यांत उतरणारा पाण्यासारखा रंग) सोडला.

बेसवरची वाळू म्हणजे बांधकामाचीच, चहाच्या गाळणीने चाळून धुतलेली. ती चिकटवायच्या फेविकॉलमध्ये पाणी मात्र कमीच घाला, बेसचा पातळ एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) ओल पिऊन वाकतो, माझे दोन बेस तसे वाकले ते रात्रभर पाट्याखाली दाबून सरळ केले.