भजनात टाळ कुटणाऱ्यांनी जॅझ कसं ऐकावं

जॅझ, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, म्हटलं की आमच्याकडे लोकांना वाटतं हे हॉटेलातलं, सुटाबुटातलं प्रकरण आहे. मलाही तसंच वाटायचं. पण दोन हंगाम झाले, जागलीला रात्रभर मचाणावर बसून रोही-डुकरं हाकलता हाकलता हेच ऐकतोय, आणि आता छातीठोक सांगतो की ज्यानं लहानपणापासून काकड्यात झील धरलीय, सप्त्यात रात्र जागवलीय, त्याला जॅझ शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळतं. फक्त कुठून घुसायचं ते माहीत पाहिजे, मी चुकीच्या दारातून घुसलो होतो आणि सहा महिने वाया घालवले.

आधी सामानाचं. मोबाईलच्या स्पीकरवर अजिबात ऐकू नका. जॅझमधे ठेक्याचं निम्मं काम डबल बेस करतो, म्हणजे माणसाएवढं उंच तंतुवाद्य, उभं धरून बोटांनी छेडतात, आणि मोबाईलवर नेमका तोच ऐकू येत नाही. म्हणजे डग्गा काढून नुसता तबला ऐकल्यासारखं. आमच्या काकानं मोबाईल पितळी गुंडात ठेवून पाहिला, आवाज मोठा झाला पण खर्ज काही आला नाही. बाजारातले दीडशेचे इअरफोन चालतात. त्याच्याहून भारी म्हणजे ट्रॅक्टरचा डेक, एरवी त्याच्यावर काय वाजतं ते सगळ्यांना माहीत आहे पण वूफर एक नंबर असतो. वावरात रेंज नसते, म्हणून बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलं की डाउनलोड करून आणा.

आता पहिली चीज. माइल्स डेव्हिस नावाचा ट्रंपेटवाला (ट्रंपेट म्हणजे फुंकायचं पितळी वाद्य), त्याचा १९५९ चा 'काइंड ऑफ ब्लू' अल्बम, त्याच्यातली पहिलीच 'सो व्हॉट'. नऊ मिनिटांची आहे. सुरुवातीला अर्धा मिनिट पियानो आणि बेस नुसते चाचपडतात, तिथं वैतागू नका, पेटीवाला भाता मारून सूर चाचपतो तसं समजा. मग बेस एक ओळ वाजवतो आणि त्याला दोनच सुरांचं उत्तर येतं. आधी पियानो उत्तर देतो, मग सगळे फुंकणारे मिळून देतात. पुन्हा बेसचा प्रश्न, पुन्हा तेच दोन सूर. हे ऐकलं की मला तरी गाडगेबाबांचं कीर्तनच आठवतं, बाबा विचारायचे आणि समोर बसलेली सगळी जनता उत्तर द्यायची. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधे आणि शेतात राबतानाच्या गाण्यांमधे हीच पद्धत होती, एकानं टाकायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, जॅझमधे ती तिथूनच आली. म्हणजे झील धरणं त्यांनाही येतं.

आता ते वाजवून पाहा, कारण पेटीवर बोट ठेवल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. पांढरी दोनचा, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, सा धरा आणि तिथून वर नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवत जा. गंधार कोमल, निषाद कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे सरळ सरळ काफी थाट! तिकडे त्याला डोरियन म्हणतात. आता सोळा मात्रांचा तीनताल मोजा. चार आवर्तनं पांढरी दोनवर, मग अख्खा काफी उचलून शेजारच्या काळी दोनवर दोन आवर्तनं, मग परत पांढरी दोनवर दोन. झाली आठ आवर्तनं, एकूण १२८ मात्रा. हा एक फेरा. सगळी चीज म्हणजे हाच फेरा पुन्हा पुन्हा, आधी मुखडा, मग एकेकानं त्याच्यावर बढत करायची, शेवटी परत मुखडा. माइल्सला दोन फेरे, मग जॉन कोल्ट्रेनला टेनर (जाड आवाजाच्या) सॅक्सोफोनवर दोन, मग कॅननबॉल अ‍ॅडर्लीला आल्टो (जरा बारीक आवाजाच्या) सॅक्सोफोनवर दोन, पियानोवाल्या बिल एव्हान्सला एक.

बोटांवर मोजत ऐका. पहिल्या दिवशी हमखास चुकाल, मी आठवडाभर चुकत होतो. पण एकदा काळी दोनवर चढलेलं कानाला कळलं की मग मोजायची गरजच पडत नाही, जशी आपल्याला सम शोधावी लागत नाही तशी.

हे पेटीवाल्या काकाला ऐकवलं तर तो उखडला. "अरे पण सा काहून सोडला त्यानं? सा सोडला मंग उरलं काय?" बरोबर आहे त्याचं. आपल्याकडे एकदा पट्टी ठरली की गाणं संपेपर्यंत सा तिथंच, तंबोरा काय उगाच नाही धरत. जॅझमधे जमीनच हलते. उलट या लोकांच्या आधीच्या जॅझमधे ती अजून जास्त हलायची, चार-चार, आठ-आठ मात्रांना खालचे सूर बदलायचे आणि वाजवणारा त्यांच्यामागे धावत सुटायचा. माइल्सनं ते कमी केलं, एका थाटात लांबपर्यंत बसायला जागा दिली, म्हणून आपल्या कानाला हे ओळखीचं वाटतं. पण भौ, काफी थाट म्हणा, काफी राग म्हणू नका. वादी-संवादी म्हणजे मुख्य सुरांची जोडी नाही, चलन म्हणजे सुरांची ठरलेली चाल नाही, वेळ-काळ नाही. नेटवर काही लोक सरसकट लिहितात की हे म्हणजे आपले रागच, ते ऐकून जाणकार हसतात.

टाळीचं एक सांगायचं राहिलं. आपला हात समेवर पडतो. इथं चार मात्रांमधे जोर दुसरीवर आणि चौथीवर, ड्रमवाल्याची पायानं मिटणारी झांज तिथंच 'चिक' करते. पहिलीवर टाळी देत बसलात तर गाणं लंगडल्यासारखं वाटेल. टाळ हातात घ्या आणि फक्त दोन आणि चारवर वाजवा. लई अवघड जातं, आमच्या मंडळातल्या पोट्ट्यांनी हसून हसून टाळ खाली ठेवले होते.

तबलेवाल्यासाठी दुसरी चीज आहे, डेव्ह ब्रुबेकच्या मंडळीची 'टेक फाइव्ह', तीही १९५९ चीच. रचना त्यांच्यातल्या सॅक्सोफोनवाल्या पॉल डेसमंडची. पाच मात्रा, तीन आणि दोन. दोन फेरे मिळून झपतालाएवढ्या दहा होतात, पण झपतालात २-३-२-३ आणि इथं ३-२-३-२, त्यामुळे तबलेवाला आधी फसतोच. मधे ड्रमचं एकल वादन येतं तेव्हा पियानो काय करतो ते ऐका, तोच छोटा तुकडा घोळवत राहतो. म्हणजे लेहराच की! तबल्याच्या एकल वादनात पेटी जे करते तेच. हा ब्रुबेक १९५८ मधे भारतात येऊन वाजवून गेला होता, पण आपल्याकडून पाच मात्रा उचलल्या असं मात्र मी म्हणणार नाही.

आणि जॅझ आपल्यापर्यंत कधी आलंच नाही असंही नाही. अमरावतीत जन्मलेले भगवानदादा १९५१ च्या 'अलबेला'मधे 'शोला जो भडके'वर नाचले, संगीत सी. रामचंद्रांचं आणि त्यांच्या सोबतीला चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रंपेट वाजवणारा जॅझवाला. म्हणजे आपले आजोबा त्यावर नाचून बसलेत, नाव माहीत नव्हतं एवढंच.

आता कोल्ट्रेन. याला थोडा वेळ द्या, कारण इथं नुसते सूर नाहीत, विचारही येतो. हा माणूस हेरॉइन आणि दारूत पार बुडाला होता. १९५७ मधे सुटला, आणि पुढं स्वतःच लिहिलं की त्या वर्षी देवाच्या कृपेनं आपल्याला जाग आली. ज्या मुलखात तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकून लोकांनी बाटल्या फोडल्या तिथल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. त्यानं रविशंकरांची सतार मन लावून ऐकली, १९६१ मधे 'इंडिया' नावाची चीज वाजवली, पोराचं नाव रवी ठेवलं. पण सुरुवात 'इंडिया'पासून करू नका, 'अ लव्ह सुप्रीम'पासून करा. डिसेंबर १९६४ मधे एका बैठकीत रेकॉर्ड केली. पहिल्या भागात बेसवर चार सुरांचा तुकडा येतो, कोल्ट्रेन शेवटाकडे तोच तुकडा बाराही पट्ट्यांवरून फिरवून आणतो आणि मग तोंडानं नामासारखा जपतो. चौथ्या भागात त्यानं देवासाठी लिहिलेली प्रार्थना आहे, पण म्हणत नाही, सॅक्सोफोनमधून अक्षराअक्षरानं वाजवतो. प्रार्थना कव्हरवर छापलेली आहे, ती समोर ठेवून ऐका, शब्द खरंच ऐकू येतात. आपली सनई अभंग वाजवते तेव्हा आपण मनात शब्द म्हणतो ना, तसं.

त्याची १९६५ ची 'ओम्' मात्र नव्या माणसानं टाळावी. नाव पाहून मी तिथूनच सुरुवात केली होती, हेच ते चुकीचं दार. त्याच्यात गीतेतलं वाचन आहे खरं, पण पुढं जो कल्लोळ आहे तो ऐकून आमचा कुत्रा मचाणाखालून पळाला. रविशंकरांनाही कोल्ट्रेनच्या संगीतातली तगमग खटकली होती, तर आपली काय कथा.

त्याची बायको अ‍ॅलिस कोल्ट्रेन मला जास्त जवळची वाटते. तिची १९७१ ची 'जर्नी इन सच्चिदानंद' लावा, तंबोरा सुरू होतो, बेस एकच ओळ धरून राहतो आणि वर तिची हार्प, म्हणजे बोटांनी छेडायचं उभ्या तारांचं वाद्य. पुढं ती संन्यासिनी झाली, कॅलिफोर्नियात आश्रम काढला आणि भजनं बसवली. 'गोविंद जय जय' तिचं ऐका, शब्द आपले आणि टाळ्या काळ्या लोकांच्या रविवारच्या चर्चमधल्या. आमच्या मंडळातल्या बायांना जॅझ म्हणून न सांगता हेच ऐकवलं, दुसऱ्या फेऱ्याला झील सुरू.

बाकी सतार घातली म्हणजे मिलाफ झाला असं नसतं. पुष्कळ फ्यूजन म्हणजे वरून भुरभुरलेला सांबार (कोथिंबीर), भाजी आधीचीच. अपवाद 'शक्ती' नावाच्या मंडळीचा. जॉन मॅकलॉफलिनची गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन, झाकीरभाईंचा तबला आणि विक्कू विनायकराम यांचा घटम (मातीचा घडा), पहिला अल्बम १९७६ चा. तिथं कुणी कुणाला पाहुणा म्हणून बोलावलेलं नाही, सगळे एकाच सतरंजीवरचे वाटतात.

काकाचं काय झालं ते सांगतो. सा सोडला म्हणून जो भांडत होता, तो आता एकादशीच्या भजनात मधेच गजर काळी दोनवर चढवतो आणि दोन आवर्तनांनी परत खाली येतो. गाणाऱ्यांचे गळे ताणले जातात, ते शिव्या देतात. "पांढरी दोनवर ये न भौ!" असं ओरडलं की काका भाता मारत म्हणतो, "थांब जरा, दोन आवर्तनं व्हायचीयेत."