बॅच फाइल लिहिताय? या चुका टाळा

बॅच स्क्रिप्टची, म्हणजे विंडोजच्या कमांड ओळीने लिहून ठेवलेल्या फाइलीची, एक खोड बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. एखादी ओळ फसली तरी ती थांबत नाही. सीएमडी (विंडोजचा कमांड चालवणारा प्रोग्राम) एरर छापतं आणि निवांत पुढची ओळ चालवतं. डबल-क्लिक करून चालवली असेल तर काळी खिडकी मिटताना ती एररही सोबत घेऊन जाते. खालच्या बहुतेक चुका एरवी किरकोळ ठरल्या असत्या, या खोडीमुळे त्या महाग पडतात. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन.)

कुठे उभे आहोत हे न बघता डेल

जुने बॅकअप साफ करणारी स्क्रिप्ट बहुतेक ठिकाणी अशी असते:

सीडी डी:\बॅकअप\जुने
डेल /क्यू *.*

दोन ओळी, दिसायला निर्दोष: सीडीने त्या फोल्डरमध्ये जा, डेलने तिथल्या सगळ्या फाइली (*.*) पूस, /क्यू म्हणजे न विचारता. पण नुसतं सीडी ड्राइव्ह बदलत नाही. तुम्ही सी ड्राइव्हवर असाल तर पहिली ओळ डी ड्राइव्हचं चालू फोल्डर तेवढं बदलून ठेवते, तुम्ही मात्र सीवरच राहता. फोल्डर खरोखर असेल तर एररसुद्धा येत नाही.

एका ऑफिसात अकाउंट्सच्या पीसीवर हीच स्क्रिप्ट कित्येक महिने बिनबोभाट चालत होती. कारण फाइल डी:\बॅकअपमध्येच ठेवलेली होती. डबल-क्लिक केलं की स्क्रिप्ट ती फाइल असलेल्या फोल्डरमध्येच सुरू होते, म्हणजे ड्राइव्ह आधीच डी असायचा. मग कुणीतरी सोयीसाठी ती डेस्कटॉपवर आणली. शॉर्टकट नाही, कॉपी. संध्याकाळी निघताना डबल-क्लिक केलं आणि डेस्कटॉपवरच्या सगळ्या एक्सेल फाइली गेल्या. फोल्डर तसेच राहिले, कारण डेल फोल्डरला हात लावत नाही. काही आयकॉन गेले, काही राहिले, कारण सगळ्या युजरांना दिसणारे आयकॉन पब्लिक डेस्कटॉप या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. हा अर्धामुर्धा नाश बघून सगळ्यांनी व्हायरस म्हणून बोंब ठोकली आणि दुसऱ्या दिवशीची दुपार अँटिव्हायरस फिरवण्यात गेली. रिसायकल बिन रिकामी, कारण डेल तिकडे काही पाठवतच नाही. गंमत म्हणजे डेस्कटॉपवरची ती बॅच फाइलही *.* मध्येच मोडत होती, त्यामुळे तिने स्वतःलाही पुसलं. डीवरची मूळ फाइल कुणीतरी उघडून वाचली तेव्हा उलगडा झाला.

/क्यू नसतं तर सीएमडीने खात्री आहे का म्हणून विचारलं असतं, समोर डेस्कटॉपचा पत्ताही छापला असता. पण रोज वाय दाबायचा कंटाळा! डेल लिहिल्या लिहिल्या /क्यू जोडणाऱ्यांबद्दल फारशी सहानुभूती वाटत नाही. तो स्विच सगळ्यात शेवटी, स्क्रिप्ट तपासून झाल्यावर जोडायचा.

हेच काम असं लिहावं:

सीडी /डी "डी:\बॅकअप\जुने" || एक्झिट /बी १
डेल "डी:\बॅकअप\जुने\*.बॅक"

/डी ड्राइव्हसकट बदलतं. दोन उभ्या रेघांचा अर्थ, आधीची कमांड फसली तरच पुढची चालव. म्हणजे फोल्डर नसेल, पेनड्राइव्ह लावलेला नसेल, तर स्क्रिप्ट तिथेच संपते. शिवाय डेलला पूर्ण पत्ता आणि ठरावीक एक्स्टेंशन द्यायचं. सीडी बरोबर असताना पूर्ण पत्ता कशाला, असं वाटेल. वाटू दे. आणि पहिल्यांदा चालवताना डेलच्या आधी एको लावा, म्हणजे पुसण्याऐवजी कमांड नुसती छापली जाईल.

याचाच भाऊबंद: रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर केलं की स्क्रिप्ट स्वतःच्या फोल्डरमध्ये न उघडता विंडोजच्या सिस्टम३२ मध्ये उघडते. टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारं विंडोजचं साधन) स्टार्ट इनची चौकट रिकामी सोडली तरी तेच. (ती भरताना कोट्स टाकू नका, टास्क सुरूच होत नाही.) म्हणून फाइलच्या सुरुवातीला पुशडी "%~डीपी०" आणि शेवटी पॉपडी ही जोडी असावी: पुशडी दिलेल्या फोल्डरमध्ये नेतं, पॉपडी परत आणतं. %~डीपी० म्हणजे ही बॅच फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता. फाइल नेटवर्क शेअरवर असली तरी पुशडी तिला तात्पुरतं ड्राइव्हचं अक्षर देतं. सीडीला ते जमत नाही.

एक मेख मात्र आहे. %~डीपी० च्या शेवटी उलटी तिरकी रेघ असते. रोबोकॉपीला (विंडोजची फाइली कॉपी करणारी कमांड) "%~डीपी०" दिलं की ती रेघ शेवटच्या अवतरणचिन्हाला चिकटते आणि रोबोकॉपी पुढचा सगळा मजकूर पत्त्याचाच भाग समजतं. शेवटी एक टिंब टाका, "%~डीपी०." असं, की मिटलं.

कंसातलं व्हेरिएबल

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणारा हमखास म्हणतो, "कधी चालतं, कधी चालत नाही."

इफ एक्झिस्ट यादी.टीएक्सटी (
  सेट "एन=५"
  एको %एन%
)

५ छापलं जावं अशी अपेक्षा. वर एको ऑफ (कमांड पडद्यावर न छापण्याची सूचना) असेल तर छापलं जातं: एको इज ऑफ. कारण सीएमडी कंसातला पूर्ण ठोकळा एकदाच वाचतं आणि वाचतानाच सगळ्या %...% जागी किमती भरतं. त्या क्षणी एन रिकामा असतो, म्हणून उरतं नुसतं एको, आणि नुसतं एको आपली चालू-बंद स्थिती सांगतं. आता तीच स्क्रिप्ट त्याच खिडकीत पुन्हा चालवा. ५ येतं! मागच्या वेळचा एन त्या खिडकीत शिल्लक असतो म्हणून. इथेच नवशिका फसतो. दुसऱ्यांदा चालली म्हणजे सुधारली, असं समजून तो फाइल पुढे पाठवून देतो. फाइलच्या वर सेटलोकल (व्हेरिएबलांमधले बदल त्या स्क्रिप्टपुरतेच ठेवणारी कमांड) लिहिलं असतं तर दोन्ही वेळा सारखंच चुकलं असतं, आणि चूक तिथल्या तिथे दिसली असती.

रूढ उपाय म्हणजे सेटलोकल एनेबलडिलेडएक्स्पान्शन लिहून %एन% ऐवजी !एन! वापरणं. उपाय चालतो, पण फाइलीच्या नावात उद्गारचिन्ह असेल तर ते गिळलं जातं आणि लूपमध्ये ती फाइल सापडत नाही. म्हणून लूपमध्ये ठोकळाच ठेवू नये हे बरं. फॉरच्या पुढे कॉल :एकफाइल "%%ए" एवढंच लिहायचं, बाकी काम खाली :एकफाइल या लेबलखाली साध्या ओळींत करायचं, तिथे नाव %~१ मधून घ्यायचं आणि शेवटी एक्झिट /बी. ओळी वाढतात, वेगही थोडा कमी होतो. हजारो फाइली नसतील तर फरक जाणवत नाही.

कंसाचाच आणखी एक उपद्रव म्हणजे प्रोग्राम फाइल्सचं एक्स८६ असलेलं फोल्डर. इफच्या ठोकळ्यात पाथ व्हेरिएबलमध्ये (प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी) भर घातली की त्या नावातला बंद कंस ठोकळाच बंद करतो आणि "वॉज अनएक्स्पेक्टेड ॲट धिस टाइम" असं बुचकळ्यात टाकणारं वाक्य येतं. सेट "पाथ=..." असं सगळंच अवतरणचिन्हांत ठेवा.

ऑगस्टमध्ये बिघडणारी स्क्रिप्ट

सेट /ए शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान समजतं. अष्टमानात ८ आणि ९ नसतात. त्यामुळे ०१ ते ०७ सुरळीत, १० ते १२ सुरळीत, ०८ आणि ०९ ला एरर. जुलैपर्यंत चाललेली स्क्रिप्ट ऑगस्टमध्ये अडते, आणि तारखेचा आकडा वापरला असेल तर दर महिन्याच्या आठ-नऊला. उपाय: सेट /ए एम=१%महिना%-१००. ०८ चं १०८ होतं, वजाबाकी होऊन ८ उरतात.

%डेट% कापून फाइलीचं नाव बनवणंही सोडा. भारतीय सेटिंगमध्ये दिवस आधी येतो, अमेरिकन सेटिंगमध्ये आधी वार आणि मग महिना. टास्क दुसऱ्या अकाउंटखाली चालली तर त्याच पीसीवर क्रम बदलू शकतो. फॉर /एफ मधून पॉवरशेलचं गेट-डेट बोलवा. फॉरमॅट देताना महिन्यासाठी एम मोठा, छोटा एम म्हणजे मिनिटं. %टाइम% वापरलंच तर सकाळी दहाच्या आत तासाआधी मोकळी जागा असते आणि कोलन फाइलीच्या नावात चालत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

सेट एक्स = ५ मध्ये बरोबरच्या आजूबाजूला जागा सोडू नका. व्हेरिएबलच्या नावाच्या शेवटी ती जागा चिकटते आणि %एक्स% रिकामंच राहतं.

एका बॅचमधून दुसरी चालवताना कॉल विसरलात तर पहिलीकडे परत येणं नाही.

स्वतःच्या फाइलीला पिंग.बॅट नाव देऊन आत पिंग लिहू नका. सीएमडी आधी चालू फोल्डर बघतं, त्यामुळे फाइल स्वतःलाच बोलावत बसते.

एको %एन%>नोंद.टीएक्सटी मध्ये एनची किंमत १ असेल तर फाइलमध्ये तो १ येतच नाही, कारण १> चा अर्थ सीएमडी 'नेहमीचा मजकूर फाइलीत पाठव' असा घेतं. >नोंद.टीएक्सटी एको %एन% असं उलटं लिहा.

लॉगमध्ये एररही हव्या असतील तर २>&१ हे नेहमी >लॉग.टीएक्सटीच्या नंतर. आधी लिहिलंत तर एरर पडद्यावरच राहतात.

रोबोकॉपीनंतर इफ एररलेव्हल १ (कमांडने परत दिलेला आकडा १ किंवा जास्त) म्हणजे फसलं, असं समजू नका. १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या. खरी बोंब ८ पासून पुढे, म्हणून इफ एररलेव्हल ८.

झेड: सारखे मॅप केलेले ड्राइव्ह तुमच्या लॉगिनपुरते असतात. रात्रीच्या टास्कला ते दिसत नाहीत. तिथे सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण पत्ता द्या.

पहिल्याच ओळीत एको ओळखता येत नाही अशी एरर आणि तिच्याआधी विचित्र चिन्हं दिसली, तर फाइल बीओएमसकट (सुरुवातीच्या अदृश्य खुणेसकट) यूटीएफ-८ मध्ये सेव्ह झाली आहे. नोटपॅडमध्ये सेव्ह ॲज करून बीओएमशिवायचा यूटीएफ-८ निवडा. स्क्रिप्टमध्ये मराठी फोल्डरांची नावं असतील तर वर सीएचसीपी ६५००१ (सीएमडीला यूटीएफ-८ वर नेणारी कमांड) लागेलच.

आणि काही बिघडलं की पुन्हा पुन्हा डबल-क्लिक करून बघणं बंद करा. आधी कमांड प्रॉम्प्ट उघडा, स्क्रिप्ट तिथून चालवा, एको ऑफच्या ओळीआधी रेम टाका, म्हणजे ती ओळ नुसता शेरा होऊन चालणार नाही. कोणती ओळ नेमकी कोणत्या किमती भरून चालली ते समोर छापलेलं दिसेल.