लाकूड फोडायची कुऱ्हाड पुरुमेंताआधीच बघा

काजूचा हंगाम उतरणीला लागला की बागायतीत दोन ढीग दिसतात, एक बोंडांचा आणि दुसरा छाटलेल्या ओंडक्यांचा. बोंडे भट्टीवर जातात. ओंडके 'बघू मग' म्हणत पडून राहतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की त्यांना बुरशी धरते. पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, मीठ, मिरची, सोलां (सुकवलेली कोकमे), सुके मासे सगळे आठवते, फोडलेले जळण तेवढे विसरते. अख्ख्या ओंडक्यात साल ओल धरून ठेवते. फोडल्यावर आतला भाग उघडा पडतो आणि लवकर वाळतो. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली आली तरच ते नीट पेटते, नाहीतर चुलीत धूरच जास्त.

आता कुऱ्हाड. घरात असते ती बहुधा फांद्या तोडायची, पातळ पात्याची. ती तंतू कापते, म्हणून ओंडक्यात घुसते आणि तिथेच अडकते. मग ओढाताण होते आणि दांडा हलतो. फोडायला धार नव्हे, पाचर हवी. पाते धारेपासून माथ्याकडे झपाट्याने जाड होत गेले पाहिजे, म्हणजे घाव बसताच लाकूड दोन्हीकडे ढकलले जाते. धार वस्तऱ्यासारखी नको, तशी धार गाठीवर तुटते.

पात्याचे वजन दीड ते अडीच किलो असावे. जास्त जड घेतली की जास्त फुटते हा समज खोटा. दहा घावांनंतर हात खाली येतात, आणि खरे अपघात तिथेच होतात. एका बाजूला घण आणि दुसऱ्या बाजूला पाचर असे तीन-साडेतीन किलोचे हत्यारही मिळते, पण ते रोज लाकूड फोडायला नको. जाड गाठाळ बुंध्यासाठी लोखंडी पाचर आणि वेगळा घण बरा. कुऱ्हाडीच्या माथ्यावर घण घालू नका. दांडा बसतो ते नेढे फाकते आणि पोलादाचा कपचा उडून डोळ्यात जाऊ शकतो.

लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचे पाते घडवून घेत असाल तर धारेवर कानस फिरवून बघा. ती थोडी चावली पाहिजे. सुळकन घसरली तर पाणी जास्त चढलेय, म्हणजे पोलाद फार कडक झालेय, पाते तडकेल. खोल खरडली तर धार वळेल.

दांड्यात मात्र कंजुषी नको. लांबी पाऊण मीटर ते नव्वद सेंटिमीटर, धामणीसारखे चिवट लाकूड, गाठ नाही, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ. आणि तो बसवायचा आत्ताच, कोरड्या दिवसांत. मी एकदा श्रावणात बसवला होता. लाकूड फुगलेले, पाते घट्ट वाटले. दिवाळीनंतर दांडा वाळला आणि पाते सुटून गोठ्याच्या कौलांवर गेले. खाली कोणी नव्हते म्हणून बरे. ढिला दांडा पाण्यात बुडवून घट्ट करणे ही तीच चूक, तंतू चेपतात आणि सुकल्यावर आणखी ढिला होतो. दांड्याला जवसाचे तेल चोळा. खोबरेल चालवतात पुष्कळ जण, पण ते वाळत नाही, दांडा चिकट राहतो.

सुरूचे आणि अकेशियाचे ओंडके ओले असतानाच फोडून घ्या, वाळल्यावर दगड होतात. काजूच्या रेषा वाकड्या असतात, तो फाट्यापासून नव्हे तर सरळ बाजूने फोडा. माड फोडण्याच्या भानगडीत पडू नका, नुसता तंतूंचा गुंता असतो तो. उभे झाड तोडायचे तर आधी वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी काढा. गोव्याचा १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा खासगी जमिनीलाही लागू आहे.

ओंडका जमिनीवर नको, गुडघ्याहून थोड्या खाली येईल अशा रुंद बुंध्यावर ठेवा, म्हणजे हुकलेला घाव पायावर येण्याआधी बुंध्यात बसतो. चप्पल नको, बूट घाला.

फोडलेले लाकूड मांगरात (बागायतीतल्या खोपीत) चिऱ्यांवर रचा, जमिनीला टेकले की वाळवी आलीच. भिंतीपासून वीतभर सोडा, वारा खेळला पाहिजे. कुऱ्हाडीच्या पात्याला तेलाचा हात फिरवून ती खुंटीला टांगा. आपल्याकडच्या दमट हवेत कोपऱ्यात उभी केलेली कुऱ्हाड आठ दिवसांत तांबते.