शाळेच्या लॅबमधला कंटेंट फिल्टर खरंच चालतोय का, हे कसं तपासायचं

लॅबमधलं नेट बंद पडलं की पाच मिनिटात कुणीतरी ओरडत येतं, पण नको त्या साइट अडवणारा फिल्टर बंद पडला तर कुणीच सांगायला येत नाही, कारण मुलांची काही अडचण होत नाही आणि सरांना सगळं नेहमीसारखंच दिसतं. म्हणून "फिल्टर लावलाय" आणि "फिल्टर चालतोय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी आपण मुद्दाम जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. इथे मी छोटी शाळा, वाचनालय, अभ्यासिका अशा ठिकाणचं बोलतोय जिथं भारी फायरवॉल नसतो, राउटरमधे फिल्टरवाला डीएनएस टाकलेला असतो (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी, आकड्यातला पत्ता, सांगणारा सर्व्हर; फिल्टरवाला नको त्या साइटचा पत्ता देत नाही), म्हणजे क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ किंवा ओपनडीएनएस फॅमिलीशील्डचा २०८.६७.२२२.१२३, नाहीतर एखाद्या रास्पबेरी पायवर (छोटा कॉम्प्युटर) पाय-होल, म्हणजे आपला स्वतःचा फिल्टरवाला डीएनएस चालवणारं सॉफ्टवेअर. घरी पण हेच चालतं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, तपासायला खरी अश्लील साइट उघडायची नाही. लॅबमधे मागून कोण बघतंय माहीत नसतं, आणि लहान मुलांच्या बाबतीतला मजकूर असेल तर तो शोधणं किंवा बघणं हाच आयटी ॲक्टच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, "टेस्ट करत होतो" हे सांगत बसायची वेळ स्वतःवर आणू नका. या कामासाठी मुद्दाम बनवलेले निरुपद्रवी पत्ते असतात. क्लाउडफ्लेअरसाठी न्यूडिटी.टेस्टकॅटेगरी.कॉम आणि मालवेअर.टेस्टकॅटेगरी.कॉम, ओपनडीएनएससाठी एक्झाम्पलॲडल्टसाइट.कॉम आणि फिशिंगसाठी इंटरनेटबॅडगाइज.कॉम. इंग्लंडमधे एसडब्ल्यूजीएफएल नावाची संस्था आहे, तिची टेस्टफिल्टरिंग.कॉम ही साइट तर एकाच पानावर चार गोष्टी तपासून देते. (हे सगळे पत्ते आणि पुढच्या कमांड टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरात.)

आता टेस्ट. ती राउटरच्या शेजारी बसून स्वतःच्या लॅपटॉपवर करू नका, मूल जिथं बसतं त्या मशीनवर, मुलाच्याच लॉगिनने करा, आणि वायफाय वेगळं असेल तर तिथून पण करा, कारण स्टाफ वायफाय आणि स्टुडंट वायफायला कधीकधी वेगवेगळा डीएनएस मिळत असतो. सुरुवातीला कमांड प्रॉम्प्टमधे आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस मारा म्हणजे जुनं उत्तर मेमरीतून जाईल, मग एनएसलुकअप (डीएनएसला साइटचा आयपी विचारणारी कमांड) आणि पुढं टेस्टचा पत्ता. १.१.१.३ नीट लागलेला असेल तर उत्तर ०.०.०.० येतं. दुसराच काही आयपी आला तर गळती आहे. मग तोच पत्ता ब्राउझरमधे टाका. इथं "ही साइट ब्लॉक केली आहे" असं छान पान दिसेलच असं धरू नका, एचटीटीपीएसमुळे बऱ्याचदा नुसता सर्टिफिकेटचा एरर येतो किंवा साइट उघडतच नाही, आणि हे फिल्टर चालू असल्याचंच लक्षण आहे.

या दोन टेस्ट वेगवेगळ्या का करायच्या ते सांगतो, कारण निदान सगळं यातच आहे. एनएसलुकअप विंडोजचा डीएनएस वापरतं आणि ब्राउझर स्वतःचा वेगळा वापरू शकतो. दोन्हीकडे ब्लॉक, तर ठीक. एनएसलुकअपमधे ब्लॉक पण ब्राउझरमधे उघडतंय, तर ब्राउझरमधे सिक्युअर डीएनएस (ब्राउझरचा स्वतःचा डीएनएस) चालू आहे किंवा कुणीतरी व्हीपीएन एक्स्टेन्शन (नेट दुसऱ्याच सर्व्हरवरून फिरवणारं) टाकलंय. आणि दोन्हीकडे उघडतंय तर घोळ राउटरमधे नाहीतर त्या मशीनच्या नेटवर्क सेटिंगमधे.

राउटरमधला सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे दुसरा डीएनएस. पहिल्या खान्यात १.१.१.३ आणि दुसऱ्या खान्यात "बॅकअप असू दे" म्हणून गूगलचा बिनफिल्टरचा ८.८.८.८. लोकांना वाटतं दुसरा फक्त पहिला बंद पडल्यावर वापरला जातो, पण तसा काही नियम नाही, मशीन कधी कुणालाही विचारतं, आणि मग साइट कधी ब्लॉक कधी ओपन असं विचित्र चालतं. दुसऱ्या खान्यात १.०.०.३ च पाहिजे, ओपनडीएनएस असेल तर २०८.६७.२२०.१२३.

त्यानंतर आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत (जुनी ती आयपीव्ही४). आता फायबर कनेक्शनवर हे सर्रास येतं, आणि आपण डीएनएस बदलतो फक्त आयपीव्ही४ च्या पानावर, त्यामुळे मशीनला आयपीव्ही६ वरून कंपनीचा डीएनएस मिळत राहतो आणि फिल्टर बाजूलाच राहतो. एनएसलुकअपच्या पहिल्या दोन ओळीत उत्तर कुणी दिलं ते लिहिलेलं असतं, तिथं कोलनवाला लांबलचक पत्ता दिसला की राउटरचं आयपीव्ही६ चं पान उघडून तिथंही फिल्टरचाच डीएनएस टाका, आणि राउटर टाकू देत नसेल तर लॅबपुरतं आयपीव्ही६ बंद करा.

ओपनडीएनएसचं खातं काढून स्वतःच्या कॅटेगरी निवडल्या असतील तर अजून एक सापळा आहे. ती सेटिंग तुमच्या पब्लिक आयपीला (बाहेर इंटरनेटवर दिसणारा पत्ता) बांधलेली असते, लाइट गेली राउटर रिस्टार्ट झाला आयपी बदलला की तुमच्या कॅटेगरी गेल्या, आणि नेट मात्र मस्त चालू. फॅमिलीशील्डला हा प्रश्न येत नाही.

ब्राउझरचं बघायचं तर पाय-होल फायरफॉक्सला "इथं तुझा डीएनएस वापरू नको" असा इशारा आपणहून देतं, पण मुलाने सेटिंगमधे जाऊन सिक्युअर डीएनएस हाताने चालू केलं असेल तर फायरफॉक्स तो इशारा मानत नाही, त्यामुळे क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीत पॉलिसी (मुलाला बदलता न येणारी सेटिंग) लावूनच ते बंद करावं लागतं. मोबाइलवर अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएस (फोनचा स्वतःचा डीएनएस) आहे, ते सहसा पोर्ट ८५३ वरून जातं, राउटरमधे तो पोर्ट बंद करता आला तर करा. आणि मुलाच्या खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट तुमच्या कुठल्याच फिल्टरला दिसत नाही, ते काम नेटवर्कचं नाही, लॅबमधे बसलेल्या माणसाचं आहे.

डीएनएस लीक टेस्टच्या (आपला डीएनएस कुणाचा ते दाखवणाऱ्या) साइटवर "क्लाउडफ्लेअर" दिसलं म्हणून खुश होऊ नका, १.१.१.१ आणि १.१.१.३ दोन्हीला तिथं कंपनीचं नाव एकच येतं आणि पहिल्यात फिल्टर अजिबात नाही.

गूगल आणि यूट्यूब वेगळं तपासा, कारण ते डोमेन ब्लॉक नसतातच, आतलं काय दिसतं तो प्रश्न असतो. सेफसर्च (गूगलमधे अश्लील निकाल लपवणारी सोय) डीएनएसने सक्तीचं केलं असेल तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.गूगल.कॉमचं उत्तर २१६.२३९.३८.१२० यायला पाहिजे. यूट्यूबसाठी यूट्यूब.कॉमच्या पुढे स्लॅश देऊन चेक_कंटेंट_रिस्ट्रिक्शन्स टाका, ते पान सरळ सांगतं की डीएनएसचं बंधन लागलंय का, अकाउंटचं लागलंय का.

इथपर्यंत झाली अर्धी तपासणी. उरलेली अर्धी कुणी करत नाही आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते, जे उघडायला पाहिजे ते उघडतंय का. दहावीतली मुलगी पाळीबद्दल, स्तनांच्या कॅन्सरबद्दल शोधते आणि फिल्टर तिला दार लावून घेतो, आणि ती हे सरांना सांगायला कधीच येणार नाही. त्यामुळे एक "उघडलंच पाहिजे" यादी करा, ई-बालभारती, दीक्षा, मराठी विश्वकोश, मराठी विकिपीडिया, १०९८ चाइल्डलाइनची माहिती, प्रजनन आणि मासिक पाळीवरची आरोग्याची पानं. शब्दांवरून ब्लॉक करणारा फिल्टर असेल तर हे जास्तच जपा, कारण अशा फिल्टरकडे यादी इंग्रजी शब्दांची असते. उलट देवनागरी शब्द पत्त्यात गेला की त्याचे टक्क्याच्या चिन्हांचे तुकडे होतात, ते इंग्रजी यादीला जुळत नाहीत, आणि रोमन अक्षरात लिहिलेली मराठी शिवी पण तशीच सुटते. आपल्याकडचं खास उदाहरण म्हणजे सट्टा मटक्याच्या साइट, नाव बदलून परत येत राहतात. नुसतं १.१.१.३ लावलं असेल तर जुगाराच्या साइट ते ब्लॉक करतच नाही, त्याची कामं दोनच, मालवेअर आणि ॲडल्ट. म्हणजे आपला फिल्टर काय अडवायचं कबूल करतो ते आधी वाचा आणि मग तेवढंच तपासा.

रोज हाताने हे होणार नाही. लॅबमधे एखादं मशीन कायम चालू असेल तर त्यावर अपटाइम कुमा (साइट उघडते का ते सतत बघत राहणारं सॉफ्टवेअर) टाका, फुकट आहे, टेलिग्रामवर मेसेज पाठवतं. त्यात उलटा मोड आहे, म्हणजे साइट उघडली तर अलार्म. न्यूडिटी.टेस्टकॅटेगरी.कॉमचा वेब मॉनिटर उलट्या मोडमधे लावा, डीएनएसचा मॉनिटर नको, कारण तो तुम्ही लिहून दिलेल्या सर्व्हरलाच विचारतो, लॅबच्या मशीनचा रस्ता तपासत नाही. आणि त्या मशीनला डीएनएस हाताने देऊ नका, मुलांच्या मशीनसारखाच राउटरकडून घेऊ द्या. त्याच्या शेजारी ई-बालभारतीचा साधा मॉनिटर पाहिजेच पाहिजे, कारण नेटच बंद असेल तर उलटा मॉनिटर हिरवाच दिसतो आणि आपण समजतो सगळं छान आहे. दोन्ही हिरवे असले तरच खरं. पाय-होल असेल तर आठवड्यातून एकदा क्वेरींचा (मशीनने डीएनएसला किती वेळा विचारलं त्याचा) आकडा बघा, एखाद्या मशीनवर मुलं तासभर बसलेली असून क्वेरी जवळपास शून्य, तर ते मशीन दुसरीकडून डीएनएस घेतंय. लॉगमधे मुलांच्या नावाची गरज नाही, मशीन नंबर पुरतो.

अजून एक टेस्ट वर्षातून दोनदा करा, सुट्टीच्या दिवशी पाय-होलची वायर काढा. नेट थांबलं तर चांगलं, नेट चालूच राहिलं तर कुठंतरी दुसरा डीएनएस लपलाय.

हाताची तपासणी महिन्यातून एकदा, आणि शिवाय राउटर बदलला, रीसेट झाला, कंपनीचा माणूस येऊन गेला, नवीन कॉम्प्युटर आले की त्याच दिवशी. लॅबच्या रजिस्टरमधे तारीख, मशीन नंबर, लॉगिन, काय ब्लॉक झालं, काय उघडलं, तपासणाऱ्याची सही, एवढी एक ओळ. त्याच रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मुलांना नाव न घालता "ही साइट उघडत नाही पण अभ्यासाला पाहिजे" असं लिहायची मुभा ठेवा, आणि ते पान दर सोमवारी वाचा.