क्रेडिट कार्डची चोरी आणि ओळखीचा गैरवापर यांपासून स्वतःचा बचाव कसा करावा

कार्ड खिशात असतानाच त्यावर खरेदी झाल्याचा संदेश येतो, तेव्हा नेमके चोरीला काय गेले हेच अनेकांना उमगत नाही. चोराला प्लॅस्टिकचा तुकडा नको असतो. कार्डाचा बहुधा १६ अंकी क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि सीव्हीव्ही (कार्डावरचा छोटा सुरक्षा क्रमांक) एवढे हाती लागले, की अनेक संकेतस्थळांवर त्याचे काम भागते. त्यामुळे माहिती बाहेर जाऊ नये आणि गेलीच तर ती चोराच्या कामी येऊ नये, अशा दोन्ही बाजूंनी तयारी करावी लागते. माझ्या मते दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे, कारण पहिली पूर्णपणे आपल्या हातात नसते. २०१७ मध्ये अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती चोरीला गेली, आणि त्यात त्या लोकांची स्वतःची काहीही चूक नव्हती.

सुरुवात बँकेच्या ॲपपासून करावी. प्रत्येक व्यवहाराची सूचना लगेच मिळेल अशी सोय करून घ्यावी आणि सूचनेसाठी किमान रकमेची अट असेल तर ती शक्य तितकी कमी ठेवावी. चोरलेले कार्ड चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी आधी अगदी क्षुल्लक रकमेची खरेदी केली जाते आणि ती कोणाच्या लक्षात आली नाही, तर मोठी रक्कम उचलली जाते. म्हणून अनोळखी नावावर गेलेली लहान रक्कम ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून देऊ नये; तिची चौकशी त्याच दिवशी करावी.

त्याच ॲपमध्ये बहुधा ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शविरहित (कार्ड यंत्रात न घालता नुसते जवळ धरून होणारे) व्यवहार स्वतंत्रपणे बंद करण्याची किंवा त्यांवर मर्यादा घालण्याची सोय असते. जे वापरत नाही ते बंद ठेवावे. ऑनलाइन खरेदीसाठी कमी मर्यादेचे वेगळे कार्ड ठेवता आले तर उत्तमच, आणि बँक आभासी कार्ड, म्हणजे फक्त ऑनलाइन वापरायचा वेगळा कार्ड क्रमांक, देत असेल तर नवख्या संकेतस्थळावर तेच वापरावे.

दुकानात किंवा एटीएमवर शक्यतो चिपचा किंवा स्पर्शविरहित पर्याय निवडावा. चुंबकीय पट्टीवरील माहिती कायम तीच असल्याने छुप्या यंत्राने ती उतरवून नकली कार्ड बनवता येते. चिप मात्र प्रत्येक व्यवहारासाठी नवा सांकेतिक क्रम तयार करते, त्यामुळे जुना क्रम पुन्हा चालत नाही. मास्टरकार्डने तर २०३३ पर्यंत आपल्या कार्डांवरून ही पट्टी पूर्णपणे काढून टाकण्याचे जाहीर केले आहे. एटीएमची खाच सैल किंवा वेगळी वाटली तर तेथे कार्ड घालू नये, आणि पिन दाबताना दुसऱ्या हाताने आडोसा करावा, कारण छुपा कॅमेरा तो पिन टिपण्यासाठीच बसवलेला असतो.

सर्वांत जास्त सावधगिरी फोनवर लागते. ‘तुमच्या कार्डावर संशयास्पद व्यवहार झाला आहे, तो थांबवण्यासाठी आलेला ओटीपी सांगा’ असे बँकेच्या नावाने सांगितले जाते. प्रत्यक्षात तो ओटीपी व्यवहार थांबवण्यासाठी नव्हे, तर चोराने नुकताच सुरू केलेला व्यवहार पूर्ण करण्यासाठी आलेला असतो. फोनवर दिसणारा क्रमांक बनावट असू शकतो, आणि बोलणाऱ्याला आपले नाव, जन्मतारीख किंवा कार्डाचे शेवटचे चार अंक ठाऊक असणे हा तो बँकेचा माणूस असल्याचा पुरावा नाही. अशा वेळी वाद न घालता फोन ठेवावा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. संदेशातील दुव्यांनाही हाच नियम लावावा: दुवा न उघडता बँकेचा पत्ता स्वतः टाइप करावा. घरातील वडीलधाऱ्यांना हे शांतपणे समजावून सांगावे, कारण घाईत आणि भीतीपोटी कोणाचाही निर्णय चुकू शकतो.

यानंतर ईमेलकडे वळावे. इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे ईमेलवर येत असल्यामुळे तो हाती लागला की बाकीची कुलुपे आपोआप उघडतात. ईमेलला इतरत्र कुठेही न वापरलेला लांब पासवर्ड द्यावा आणि दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याची सोय, सुरू करावी. त्यासाठी एसएमएसपेक्षा पडताळणीचे ॲप बरे, कारण आपला मोबाइल क्रमांक दुसऱ्या सिमवर वळवून घेतला गेल्यास एसएमएस चोराकडे जातात. फोनचे नेटवर्क विनाकारण बराच वेळ गेले तर ताबडतोब मोबाइल कंपनीला विचारावे.

ओळखीच्या गैरवापराचा पत्ता बऱ्याचदा उशिरा लागतो, कारण आपल्या नावावर काढलेल्या कर्जाची पत्रे आपल्या घरी येतच नाहीत. ओळखपत्राची प्रत देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहावी. आपला पतअहवाल, म्हणजे आपल्या नावावरील कर्जे आणि कार्डे यांची नोंद, वर्षातून निदान एकदा मागवून त्यात अनोळखी कर्ज, कर्जासाठी कोणी केलेली चौकशी किंवा पत्ता आहे का ते पाहावे. अहवाल गोठवण्याची, म्हणजे तो नव्या कर्जदात्यांना पाहता येऊ नये अशी, सोय जेथे असेल आणि नवे कर्ज घ्यायचे नसेल, तेथे ती जरूर वापरावी.

फसवणूक झालीच तर आधी ॲपमधून कार्ड बंद करावे, मग बँकेला फोन करून तक्रार क्रमांक घ्यावा आणि तीच तक्रार त्याच दिवशी लेखी पाठवावी. नुकसानीची जबाबदारी कोणावर पडेल हे अनेकदा किती लवकर कळवले यावर अवलंबून असते. त्यानंतर पोलिसांत तक्रार करून पासवर्ड बदलावेत, आणि नवे कार्ड आल्यावरही पुढचे काही महिने जुन्या खात्याचे विवरण ओळीओळीने तपासत राहावे.