तेरला जाताय? आधी संग्रहालय, मग गाव

धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे सातवाहन काळातलं तगर. रोमन जगाशी व्यापार करणारी ही पेठ. बहुतेक जण थेट गोरोबा काकांच्या समाधीचं दर्शन घेऊन परततात. दर्शन घ्याच, पण त्याआधी रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात तासभर काढा. लामतुरे कुटुंबानं शेतात, पांढरीत (जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडात) सापडलेल्या वस्तू जपल्या, त्यातून हे उभं राहिलंय. मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, मणी, नाणी. मणी तर अगदी जवळ जाऊन बघा. भोक पाडणाऱ्याचा हात किती स्थिर असेल! हस्तिदंती स्त्रीमूर्ती चुकवू नका. इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरात सापडलेल्या मूर्तीशी तिचं जवळचं नातं आहे.

मग त्रिविक्रम मंदिराकडे चालत जा. समोरून आत शिरण्याआधी मागच्या बाजूला वळसा घाला. भिंत अर्धगोल आहे, वर छप्पर गजपृष्ठासारखं. लेणीतला चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, कुणीतरी विटांनी जमिनीवर बांधावा तसं. अनेक अभ्यासक याला मुळात बौद्ध चैत्यच मानतात. एवढी जुनी विटांची वास्तू आजही उभी असणं ही फार मोठी गोष्ट आहे. विटांना हात लावून खरवडू नका.

निघण्यापूर्वी संग्रहालय उघडं आहे का, फोन करून विचारा. सोमवार शक्यतो टाळा. आणि पांढरीच्या टेकाडावर खापर दिसलं, तर फोटो काढा आणि तिथंच राहू द्या. ते कुठल्या थरात, कुठल्या जागी होतं, हीच त्याची खरी माहिती असते. खिशात घातलं की ती गेली.