वायरलेस रिमोटने फोटो काढताना

ट्रायपॉडवर कॅमेरा कितीही घट्ट बसवला, तरी शटरचं बटण बोटाने दाबलं की तो किंचित हलतोच. १/१५ सेकंदापासून एक-दोन सेकंदांपर्यंतच्या शटर स्पीडला हा धक्का फोटोत सहज दिसून येतो. रिमोट घ्यायचा तो यासाठी.

इन्फ्रारेड रिमोट कॅमेऱ्यावरच्या सेन्सरसमोर धरावा लागतो. हा सेन्सर बऱ्याच कॅमेऱ्यांत पुढच्या बाजूला असतो. त्यामुळे मागे उभं राहून बटण दाबलं तर अनेकदा काहीच होत नाही, आणि भर उन्हात त्याचा पल्लाही कमी होतो. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या रिमोटला ही अडचण नाही, म्हणून माझी पसंती त्यालाच. फक्त घेण्याआधी तो आपल्या मॉडेलला चालतो का, हे नक्की बघा.

रात्री आधी फोकस जुळवून मग तो मॅन्युअलवर टाका, नाहीतर लेन्स अंधारात फोकस शोधत राहते आणि शटर पडतच नाही. ३० सेकंदांहून जास्त एक्स्पोजर हवं असेल तर बल्ब मोड, म्हणजे आपण बंद करेपर्यंत शटर उघडं ठेवणारी सेटिंग. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाका; तिथे डोळा नसल्याने मागून शिरणारा उजेड एक्स्पोजरचं मोजमाप बिघडवतो. आणि रिमोटचा एक जादा सेल बॅगेत असू द्या.